तीन बोटांची खारी

मे महिन्यात आमच्या कराडातली माणसं कुठे कुठे जाऊन येतात. शेजारच्या बाई काश्मीर करून आल्या आणि शिकाऱ्यातला फोटो मला चार वेळा दाखवून झाला. मला कुणी विचारलं, "तुम्ही कुठे गेला होतात?" की मी सांगते, बदलापूर. मग समोरचा विचारतो, "तिथे काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊन देऊन माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते.

बदलापूर, खरवई

खरं तर मी फिरायला गेलेच नव्हते. माझी धाकटी बहीण शैला न्हाणीघरात घसरली आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. तिचा नवरा अविनाश अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर आहे, सकाळी आठला जातो तो संध्याकाळीच उगवतो. मुलगी लांब शिकायला. मग राहिलं कोण? शाळेतून रिटायर झालेली आणि घरात बसून नवऱ्याचं डोकं खाणारी मी. आमच्या ह्यांनी माझी बॅग इतक्या तत्परतेने भरून दिली की मला संशयच आला.

शैलाचं घर खरवईत, अकराव्या मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की समोर डोंगरांची रांग, मे महिन्यात सुद्धा सकाळी जरा निळसर दिसते. खाली बघितलं तर एका बाजूला तीन अर्धवट टॉवर आणि त्यांच्या मधोमध एक म्हशीचा गोठा. गोठेवाला जागा विकायला तयार नाही म्हणे. मला त्या माणसाबद्दल न बघताच आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला खाली उतरले. टोपलीत जांभळं घेऊन एक गावाकडची बाई बसली होती. पानाच्या द्रोणात भरलेली, टपोरी, अंगावर धूळ तशीच. आमच्या बिल्डिंगमधली एक बाई तिच्याशी घासाघीस करत होती. "कितने का दिया?" "ले लो ना भाभी, अभी तोडा है." पाच मिनिटं हिंदीत भांडून झाल्यावर त्या बाईने वळून आपल्या नवऱ्याला फोनवर अस्सल मराठीत सांगितलं की जांभळं घेतली. आणि टोपलीवाली शेजारी बसलेल्या आपल्या सुनेला म्हणाली, "सुटं काढ गं." दोघी मराठी, आणि सगळा व्यवहार हिंदीत. मी मध्ये तोंड घालून म्हटलं, "अहो, तुम्ही दोघी मराठीच आहात की." दोघींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच परकी.

शैलाला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, तू इथे दहा दिवस आहेस. सगळ्यांना सुधारून जाऊ नकोस."

मोरिवली

तिसऱ्या दिवशी शैलाच्या सासूबाई येऊन बसल्या, त्यामुळे मला सुट्टी मिळाली. अविनाश म्हणाला, "चला ताई, जाता जाता तुम्हाला अंबरनाथच्या देवळात सोडतो. आज माझा अर्धा दिवस आहे, एक वाजता माझ्या कारखान्याच्या गेटवर या, जेवायला घरी सोडतो." देऊळ फार सुंदर आहे, काळ्या दगडाचं, आणि गाभाऱ्यात खाली उतरून जावं लागतं. मी अर्धा तास नुसती भिंतीवरच्या मूर्ती बघत फिरले. पण नऊलाच ऊन मी म्हणायला लागलं. रिक्षा केली आणि कारखान्याच्या बाजूला, मोरिवलीत येऊन उतरले.

मोरिवली म्हणजे मूळचं जुनं गाव. आता कारखान्यांच्या कुशीत गेलंय. एका गल्लीत कौलारू घरं, अंगणात तुळस, आणि गल्ली संपली की थेट कंपाउंडची भिंत आणि त्यामागे धुराच्या चिमण्या. हवेला एक वास असतो. कधी औषधाच्या दुकानासारखा, कधी कुजक्या अंड्यासारखा. तिथल्या माणसांना तो येतच नाही. मी नाकाला पदर लावला, तर रिक्षावाला म्हणाला, "मावशी, आज तर काहीच नाय."

त्या गल्लीत मला रांग दिसली. आमच्या पिढीला रांग दिसली की पाय आपोआप थांबतात. दहा-बारा बाया, प्रत्येकीच्या मांडीवर स्टीलचा डबा, आणि डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. समोर एक दुकान. पाटी नाही, काच नाही, दिवे नाहीत. अर्धं शटर वर, आत अंधार आणि आतून येणारा तो सुगंध. भाजलेल्या मैद्याचा आणि तुपाचा.

"इथे काय मिळतं हो?" मी शेवटच्या बाईला विचारलं.

"मिळत नाय, मावशी. आपलंच द्यायचं," ती म्हणाली. "रवा, मैदा, साखर, तूप घरनं आणायचं. हे नानकटाई करून देतात. आपलं तूप, आपल्या डब्यात परत."

मला माझं लहानपण आठवलं. दिवाळीच्या आधी आई मला असाच डबा घेऊन बेकरीत पाठवायची आणि वर बजावायची, "समोर उभी राहा, तूप बदलतील." आमच्याकडे ही पद्धत कधीच मोडली. आता सगळे पुडे आणतात. आणि इथे कारखान्यांच्या धुरात, महागड्या टॉवरांपासून तीन मैलांवर, बाया चिकटपट्टीवर नाव लिहून बसल्यात. मला इतका आनंद झाला की मी डबा नसतानाच रांगेत बसले.

रांगेतल्या बायांकडून बेकरीची माहिती कळली. मालक सुधाकर, पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा. त्याची बायको रंजना गल्ल्यावर. नवरा-बायको दोघंच सगळं करतात. भिंतीवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे रोज एक ताजं फूल. येणारी-जाणारी निम्मी माणसं "जय भीम, काका" म्हणून हात वर करतात, उरलेली नुसतं "काका, पाव."

माझी पाळी आली तेव्हा मी रॅककडे बोट दाखवलं. खारीचा ट्रे नुकताच बाहेर आला होता. सोनेरी, फुगलेली, पापुद्र्यावर पापुद्रा.

"ती द्या चार."

"अर्ध्या तासाने," रंजना म्हणाली.

"अहो, समोर दिसतेय की."

"थंड झाल्याशिवाय देत नाहीत ते. आमदार आला तरी."

आतून सुधाकर आला, हात मैद्याने पांढरे. "ताई, गरम खारी पुड्यात गेली की घाम सुटतो तिला. मऊ पडते. मग तुम्ही मला शिव्या घालणार. थांबा जरा, बसा. तोपर्यंत पॅटिस खा."

मी बसले. पॅटिस खाल्लं. बटाट्यात बडीशेप होती आणि हिरवी मिरची, गरम मसाल्याचा मारा नाही. मग क्रीम रोल खाल्ला. आमच्याकडे क्रीम रोल म्हणजे आत साखरेचा साबण असतो. हा हलका होता, ताज्या सायीच्या चवीचा, आणि बाहेरचं कवच दाताखाली नुसतं विरघळत गेलं. मग अर्धा तास झाला आणि खारी मिळाली.

मी कराडची आहे. आमच्या बेकऱ्यांचा मला भारी अभिमान. पुण्याहून पाहुणे येताना बिस्किटं घेऊन आले की मी तो पुडा कामवालीला देते. तो अभिमान त्या दिवशी मोरिवलीत उतरला. ती खारी तोडली तेव्हा आवाज झाला, वाळलेल्या पानावर पाय पडावा तसा. आत प्रत्येक पापुद्रा सुटा. तोंडात टाकली, चावायचं कामच पडलं नाही. तूपकट नाही, घशात बसत नाही, आणि मीठ अगदी मोजकं. मी बशी हनुवटीखाली धरून सात खाऱ्या खाल्ल्या. एक वाजता अविनाश गेटवर आला तेव्हा माझ्या साडीवर चुरा होता आणि जेवणाची भूक शून्य होती.

"ही खारी एवढ्या उन्हाळ्यात अशी कशी होते?" मी निघताना सुधाकरना विचारलं.

ते लाजले. आत नेऊन दाखवलं. लाटायला शहाबादी फरशीचा मोठा ओटा. फरशीखाली ओली गोणपाटं ठेवलेली आणि त्यांच्यावर एका बाजूने पंखा. "आई दूध असं ठेवायची. ओल्या फडक्यात गुंडाळून, पाण्यात. आमच्याकडे कुठला फ्रीज. उन्हाळ्यात लाटताना तूप वितळतं, मग पापुद्रे एकमेकांना चिकटतात. फरशी गार राहिली की चिकटत नाहीत. एवढंच आहे." त्यांनी हे असं सांगितलं जसं काही गुन्हा कबूल करतायत.

त्यानंतर मी रोज जायला लागले. शैलाचं तूप, शैलाचा रवा, शैलाचा डबा. "तू माझी सेवा करायला आलीयस की माझं सामान संपवायला?" असं ती म्हणायची आणि परत आलेली नानकटाई पलंगावर बसून एकटीच संपवायची.

गुरुवारी गेले तर सुधाकरचं कशातच लक्ष नव्हतं. पॅटिसमध्ये मीठ नव्हतं. मी सांगितलं तर रंजनाने मला बाजूला घेतलं.

"चार दिवस झोपले नाहीत ते," ती म्हणाली. "दादा जाणार आहेत रविवारी."

दादा म्हणजे हासोमल दादा. उल्हासनगरातले जुने सिंधी बेकरीवाले, सुधाकरचे उस्ताद. सुधाकर चौदा वर्षं त्यांच्या भट्टीवर होता. सगळं तिथेच शिकला. मग अठरा वर्षांपूर्वी मोरिवलीत ही जागा मिळाली आणि हा माणूस उस्तादला तोंडावर सांगू शकला नाही. भट्टीची किल्ली एका मित्राच्या हाती पाठवून दिली आणि पुन्हा त्या गल्लीत पाय ठेवला नाही. आता दादा ऐंशीच्या पुढे गेलेत, भट्टी बंद करून मुलाकडे इंदूरला चाललेत. कायमचे.

"मग जाऊन भेटा की," मी सुधाकरना म्हटलं. एकतीस वर्षं मास्तरकी केली आहे, मला हे असं सांगायला वेळ लागत नाही.

"कसा जाऊ, ताई? दर दिवाळीला बॉक्स पाठवतो मी. तसाच्या तसा परत येतो. उघडत सुद्धा नाहीत." त्यांनी फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. "माझी खारी त्यांना कशी वाटते एवढं एकदा कळायला पाहिजे होतं. चौदा वर्षांत त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. वाईट म्हणाले तरी चालेल. पण कळायला पाहिजे."

मी म्हटलं, "उद्या मी घेऊन जाते."

शैलाला रात्री सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुला काय गरज?" गरज काहीच नव्हती. पण जो माणूस आमदाराला अर्धा तास थांबवतो तो उस्तादच्या नुसत्या नावाने बिनमिठाचं पॅटिस करतो, हे मला बघवेना.

उल्हासनगर

शुक्रवारी सकाळी नऊला मी मोरिवलीत हजर. आणि काय सांगू, सुधाकरच्या हातून अख्खा ट्रे करपला. अठरा वर्षांत पहिल्यांदा, असं रंजना म्हणाली. दुसरा ट्रे लावला तो निघेपर्यंत साडेदहा. दादा दुकानात बाराच्या पुढे बसत नाहीत आणि माझी रिक्षा दारात उभी. मग गरम खारीच एका स्टीलच्या मोठ्या डब्यात कागद घालून मांडली.

"झाकण लावू नका, ताई," सुधाकर म्हणाले. "नुसतं फडकं टाका वरून. वाफ जाऊ द्या. आणि माझं नाव सांगू नका."

"नाव का नको?"

"नाव ऐकलं तर चव घेणार नाहीत."

मी डबा मांडीवर घेतला आणि निघाले. आणि कारखान्यांच्या रस्त्याला लागताच तो वास आला. त्या दिवशी "काहीच नाय" नव्हतं, त्या दिवशी सगळंच होतं. डोळे चुरचुरायला लागले. माझ्या मनात आलं, खारीला हा वास लागला तर? लोण्याला फणसाचा वास लागतो, मग खारीला का लागणार नाही? मी काही विचार न करता झाकण घट्ट लावलं. वर दोन्ही हातांनी दाबून बसले. स्वतःच्या हुशारीवर खूश.

उल्हासनगर मी पहिल्यांदाच बघत होते. एका रस्त्यावर नुसत्या जीन्स टांगलेल्या, दुसऱ्यावर नुसतं फर्निचर, तिसऱ्यावर पापडांचे ढीग. पत्ता विचारला की कॅम्पचा नंबर सांगतात. फाळणीनंतर सिंधी लोकांना इथे लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये ठेवलं होतं, त्या बराकी अजून कुठे कुठे आहेत. दुकानात काम करणारी मराठी मुलगी गिऱ्हाइकाशी सिंधीत बोलत होती आणि शेठ तिला मराठीत ओरडत होता. मला ते शहर फार आवडलं. तिथे कुणी आपली भाषा सोडली नाही, उलट दुसऱ्याची उचलली.

दादांची बेकरी अशाच एका बराकीत. अर्धं सामान बांधलेलं. ट्रे दोरीने एकत्र बांधून भिंतीला टेकवलेले. खुर्चीवर एक थोराड म्हातारा, पांढरा लेंगा-सदरा, हाताचे पंजे रुंद, बोटं जाड. मी सांगितलं की कराडहून आले आहे, आणि खारी दाखवायला आणली आहे.

"अचो, वेहो," ते म्हणाले आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. त्यांना न्यायला आलेल्या सुनेने आतून पाणी आणलं आणि सोबत भाजलेला पापड. मला वाटलं जेवायलाच वाढतायत. पण सिंधी घरात आल्या माणसाला पाण्याबरोबर पापड देतात, जसा आपण गूळ देतो. उन्हातून आल्यावर खारट लागतं शरीराला. मला तर गुळापेक्षा हे जास्त पटलं.

मग मी मोठ्या तोऱ्यात डब्याचं झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं. दादांनी वरची खारी उचलली. ती वाकली. मधोमध, ओल्या पुठ्ठ्यासारखी.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "ये खारी है या चपाती?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अठरा वर्षं एक माणूस ज्या घासाची वाट बघत होता तो मी माझ्या हाताने भिजवून आणला होता. एकतीस वर्षं पोरांना "सांगितलेलं नीट ऐका" म्हणून छड्या मारल्या, आणि मला साधं झाकण उघडं ठेवता आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं का बोला.

"चूक माझी आहे, दादा," मी म्हटलं. हिंदी-मराठी काय तोंडाला येईल ते. "बनानेवाले ने सांगितलं था, झाकण मत लगाना. मैंने लगाया. केमिकल का वास आ रहा था."

"उसने बोला था?"

"बोला था."

"और गरम माल दिया?"

"मेरी रिक्षा थांबली थी, इसलिए. नहीं तो वो आमदार को भी नहीं देता."

दादांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग खुर्चीचे हात धरून उठले. सून धावत आली, "बाबा, बसा," तर तिला हाताने बाजूला केलं. सकाळचे शेवटचे पाव निघून गेले होते पण भट्टीच्या विटा अजून गरम होत्या. बांधलेल्या ट्रेंची दोरी त्यांनी स्वतः सोडली, एक काढला, त्यावर माझ्या मऊ पडलेल्या खाऱ्या एकेक करून मांडल्या आणि लांब दांड्याच्या फळीने आत सारल्या. ट्रे सरळ गेला.

दहा मिनिटांनी काढला. मी लगेच हात पुढे केला तर म्हणाले, "ठंडा होने दो. तुमको समझता नहीं क्या?" मी हात मागे घेतला. आम्ही तिघं त्या ट्रेभोवती बसलो. दादांचं लहानपणी आईच्या कडेवर इथे येणं, वडिलांनी याच बराकीत पहिली भट्टी बांधणं, हे सगळं सुनेने मला त्या वेळात सांगितलं. दादा ट्रेवरून पंख्याने वारा घालत होते.

मग त्यांनी एक खारी उचलली. तोडली नाही. टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्या रुंदीवर स्वतःची तीन बोटं ठेवली. बोटं आणि खारी, अगदी बरोबर. इकडे सूतभर नाही, तिकडे सूतभर नाही.

बराच वेळ त्यांनी बोटं उचलली नाहीत.

"सुधाकर," ते म्हणाले.

मी नाव सांगितलं नव्हतं. मी शपथेवर सांगते.

"उसकी उंगली पतली है," दादा म्हणाले. "पहले दिन मैंने बोला, तीन उंगली काटना, मगर मेरी उंगली, तेरी नहीं. तू थोड़ा ज्यादा छोड़. अभी तक छोड़ता है."

मग खारी कानाजवळ नेऊन तोडली. आवाज झाला. एक पापुद्रा नखाने सुटा केला, उजेडात धरला. मग खाल्ली. दुसरी खाल्ली. 

"अच्छी है?" मी न राहवून विचारलं.

 दादा उलट चिडले. "अठरा साल से दिवाली को डब्बा भेजता है. मालूम है क्या भेजता है? काजू कतली. किसी दूसरे की दुकान की काजू कतली, डब्बे पे ही छपा रहता है. मेरे पास सीखा हुआ आदमी, और मेरे घर में बाजार की मिठाई भेजता है. मैं वापस नहीं करूँगा तो क्या करूँगा?" आवाज खाली आला. "मैं राह देखता था. एक बार अपनी खारी भेज दे. बस, एक बार."

सून पदराने डोळे पुसत आत गेली. मी तर इतकी वेडी, मला वाटलं होतं बॉक्समध्ये खारीच असते.

निघताना दादांनी मला दारापर्यंत सोडलं. म्हणाले, "उसको बोलो, दादा पूछता है. मई के महीने में परत अलग कैसे रखता है? मेरी तो चिपक जाती थी. साठ साल चिपकी. मैंने ये उसको नहीं सिखाया. उसको पूछो, कैसे किया."

पुन्हा मोरिवली

चार वाजता पोचले. नानकटाईवाल्यांची दुपारची रांग लागलेली. सुधाकर गल्ल्याजवळच उभे होते, बहुतेक सकाळपासून. मी आधी माझी चूक सांगितली, झाकणाची. त्यांचा चेहरा उतरला. मग तीन बोटांचं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि हात मागे घेतला. मग काजू कतलीचं सांगितलं.

"मी दरवर्षी सांगत होते," रंजना म्हणाली. "आपली खारी पाठवा, आपली खारी पाठवा."

"उस्तादासमोर आपली खारी कशी ठेवणार गं," सुधाकर म्हणाले. "बघा मी कसा शिकलो, असं दाखवल्यासारखं वाटायचं ते. आपली लायकी काय."

"आणि एक निरोप आहे," मी म्हटलं. "दादा विचारतायत, मे महिन्यात पापुद्रे सुटे कसे ठेवता. त्यांना साठ वर्षांत जमलं नाही म्हणे. तुम्ही कसं केलं ते विचारून ये म्हणाले."

 सुधाकर मटकन पोत्यावर बसले. तोंडावर मैद्याचा हात धरला आणि रडले. पन्नाशीचा माणूस, सगळ्या गल्लीसमोर. रंजना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग ते उठले. आत जाऊन फरशीखालची ओली गोणपाटं ओढून काढली आणि पिळली. मळलेल्या मैद्याचा मोठा गोळा घमेल्यात ठेवला, वर ओलं फडकं. शहाबादीचा एक तुकडा मागच्या भिंतीला होता, तो गोणपाटात गुंडाळून स्कूटरला बांधला.

"काका, आमची नानकटाई?" रांगेतून एक बाई म्हणाली.

"उद्या," रंजना म्हणाली आणि शटर खाली ओढलं. बायांनी कुरकुर केली, पण डबे घेऊन उठल्या. एकीने तर स्कूटरच्या आरशावरचा मैदा पदराने पुसला.

सुधाकरनी घमेलं पायात धरलं, किल्ली लावली आणि मग तसेच थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तिथे गेल्यावर काय बोलू?"

मला आयुष्यात प्रत्येकाला काय बोलावं ते सांगायची सवय आहे. त्या वेळी मात्र माझ्याकडे दोनच शब्द होते.

"लाटायला लागा," मी म्हटलं.